सतराव्या वर्षी फुल मॅरेथॉन? आधी किपचोगेची ट्रॅकवरची दहा वर्षं बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे : सातारा जिल्ह्यातला एक मुलगा, वय सतरा, बारावीला. ५ किलोमीटर १६ मिनिटं ४० सेकंदांत धावतो. गावोगावच्या १० किलोमीटरच्या स्पर्धांत बक्षिसं मिळवतो. केनियाचा मॅरेथॉनपटू एलियुड किपचोगे त्याचा आदर्श. त्याच्या मामांनी विचारलंय की अठरा पूर्ण होताच त्याला फुल मॅरेथॉनला, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरला, उतरवावं का, आणि "किपचोगे रोज चाळीस किलोमीटर धावतो, मग यानेही आतापासून अंतर वाढवायला नको का?"

मामा, मुलाची धाव चांगली आहे आणि तुम्ही वेळेवर विचारलंत. माझं उत्तर स्पष्ट आहे : आत्ता नको, आणखी पाच-सहा वर्षं तरी नको. पण नुसतं "नको" म्हणून पोरं ऐकत नाहीत, म्हणून कारण नीट सांगतो. ते कारण किपचोगेच्याच कारकिर्दीत आहे.

आधी ते चाळीस किलोमीटर. किपचोगेचा आठवडा साधारण २०० ते २२० किलोमीटरचा असायचा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ मिळून दिवसाला सरासरी तीसच्या आसपास. एका दमात चाळीस किलोमीटर तो गुरुवारी धावायचा आणि तेही एका आठवड्याआड. मधल्या गुरुवारी तीस. मंगळवारी ट्रॅक, शनिवारी फार्टलेक : तीन मिनिटं जोरात, एक मिनिट हलकं, असे तेरा वेळा. बाकीचं सगळं धावणं इतकं सावकाश की संध्याकाळच्या धावेची सुरुवात तुमचा भाचाही त्याच्यासोबत गप्पा मारत करू शकेल. आणि हा आठवडा पस्तिशीतल्या, वीस वर्षं तयार झालेल्या शरीराचा आहे. सतराव्या वर्षीचा किपचोगे काय करत होता, हे आपल्याला बघायचंय.

त्याचा जन्म ५ नोव्हेंबर १९८४चा, केनियाच्या नांदी भागातल्या कापसिसियवा गावचा. आई शिक्षिका, तिने एकटीने वाढवलं. शाळा पायी किंवा पळत, नंतर सायकलवरून दूध विकणं. सोळाव्या वर्षी त्याला पॅट्रिक सांग भेटले. सांग म्हणजे १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधले ३,००० मीटर स्टीपलचेसचे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीचे, रौप्यविजेते. तो त्यांच्याकडे जाऊन सरावाचा कार्यक्रम मागायचा, तो पुरा करायचा आणि पुढचा मागायला परत यायचा. या मुलाला सांग यांनी मॅरेथॉनला लावलं नाही. त्यांनी क्रॉसकंट्री आणि ५,००० मीटर दिलं. २००३मध्ये लोझानला तो ज्युनियर क्रॉसकंट्रीचा जगज्जेता झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॅरिसला, वय अठरा, ५,००० मीटरमध्ये मोठ्यांचा जगज्जेता. वेळ १२:५२.७९. मोरोक्कोचा हिशाम अल गेरूज चार शतांश सेकंदांनी मागे, इथिओपियाचा केनेनिसा बेकेले तिसरा.

त्यानंतर त्याने काय केलं, हे महत्त्वाचं. पुढची नऊ वर्षं तो ट्रॅकवरच राहिला. २००४ला अथेन्समध्ये कांस्य, २००८ला बीजिंगमध्ये रौप्य, दोन्ही ५,००० मीटरमध्ये. ५,०००ची सर्वोत्तम वेळ १२:४६.५३, १०,०००ची २६:४९.०२. २०१२च्या लंडन ऑलिंपिकसाठी केनियाच्या संघात जागा मिळाली नाही, तेव्हा तो रस्त्याकडे वळला. पहिली हाफ मॅरेथॉन सत्ताविसाव्या वर्षी लीलला, ५९:२५. पहिली फुल अठ्ठाविसाव्या वर्षी, एप्रिल २०१३मध्ये हॅम्बर्गला, २:०५:३०, तीही जिंकला. पुढे बर्लिनमध्ये २०१८ला २:०१:३९ आणि २०२२ला २:०१:०९ हे जागतिक विक्रम, रिओ आणि जपान अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णं.

लोक या कथेकडे "ट्रॅकवर संधी हुकली म्हणून मॅरेथॉनला आला" अशा नजरेने बघतात. प्रशिक्षक म्हणून मला त्यात दहा वर्षांची गुंतवणूक दिसते, आणि ती आकड्यांत मांडता येते.

२:०१:३९ म्हणजे किलोमीटरला २ मिनिटं ५३ सेकंद. ४०० मीटरच्या ट्रॅकवर एक फेरी ६९ सेकंदांची. हाच माणूस ५,००० मीटर ६१ सेकंदांच्या फेऱ्यांनी धावलेला आहे. म्हणजे मॅरेथॉनमधली प्रत्येक फेरी त्याच्या जुन्या शर्यतीपेक्षा आठ सेकंद सैल. जो वेग इतरांना धाप लावतो, तो त्याच्या पायांना ओळखीचा आणि हलका. आम्ही याला वेगाची शिल्लक म्हणतो. मॅरेथॉनमध्ये ही शिल्लकच खर्च होत असते.

आता तुमच्या भाच्याचा हिशेब. किपचोगेचा मॅरेथॉनचा वेग त्याच्या ५,०००च्या वेगापेक्षा जेमतेम १३ टक्के संथ आहे. इतकी कमी घसरण जगात फार थोड्यांना जमते. समजा, भाच्याकडे आजच किपचोगेइतकीच सहनशक्ती आहे. १६:४० म्हणजे किलोमीटरला ३:२०. त्यात १३ टक्के वाढवले की ३:४६. मॅरेथॉन होते २ तास ३९ मिनिटांची. म्हणजे जगातली सर्वोत्तम सहनशक्ती दिली तरी आजच्या वेगावर त्याची कमाल मर्यादा २:३९ आहे, आणि प्रत्यक्षात तो त्याहून बराच मागे राहील. उलट बाजूने बघा : २:१५ धावायचं तर किलोमीटरला ३:१२ लागतात, आणि त्यासाठी ५ किलोमीटर १४:१०च्या आसपास यायला हवेत. १६:४० ते १४:१० हे अंतर ट्रॅकवरच कापावं लागतं. तीस-पस्तीस किलोमीटरच्या धावा वाढवून ते कापलं जात नाही. पाय फक्त संथ धावायला सरावतात.

वेग आधी का? कारण वाढीच्या वयात पायाची स्प्रिंग, म्हणजे घोट्याचा कडकपणा, पावलांची लय, मेंदूकडून स्नायूंना जाणारे झटपट इशारे, हे सगळं चटकन बसतं. पंचविशीनंतर ते शिकवणं फार जड जातं. सहनशक्तीचं तसं नाही. ती पस्तिशीपर्यंत वाढवत नेता येते. जे उशिरा मिळतं ते आधी कमवायला जाऊन जे आत्ताच मिळतं ते गमावणं, हा आपल्याकडच्या ग्रामीण धावपटूंचा सर्वांत मोठा तोटा आहे. मनापासून वाईट वाटतं, कारण पोरांमध्ये गुणवत्ता खच्चून भरलेली असते.

याला अपवाद आहेत, तेही सांगायला हवेत. केनियाच्या सॅम्युअल वांजिरूने एकविसाव्या वर्षी, २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनचं सुवर्ण जिंकलं. पण त्याच्या आदल्या काळातल्या वेळा बघा : २००५मध्ये, अठराव्या वर्षी १०,००० मीटर २६:४१.७५ आणि हाफ ५९:१६. वेग त्याच्याकडे आधीच होता. दुसरा केनियाचाच केल्विन किप्टम. तो ट्रॅकवर न रमता रस्त्यावरच घडला, तेविसाव्या वर्षी पहिली मॅरेथॉन २:०१:५३, आणि ऑक्टोबर २०२३मध्ये शिकागोला २:००:३५. तरी तोही आधी कित्येक वर्षं हाफ मॅरेथॉन धावत होता, आणि त्याची घडण २,००० मीटरहून उंच डोंगरांत झाली. फेब्रुवारी २०२४मध्ये अपघातात तो गेला, त्यामुळे इतक्या जड सरावावर त्याचं शरीर किती वर्षं टिकलं असतं, हे आता कुणालाच कळणार नाही. एका अपवादावर सतरा वर्षांच्या मुलाचा कार्यक्रम बेतू नये.

तुम्हाला घराजवळची उदाहरणं पाहिजे असतील तर तीही आहेत. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ३,००० मीटर स्टीपलचेसचा माणूस. त्याने २०२०मध्ये दिल्लीत हाफ मॅरेथॉन १:००:३० धावून राष्ट्रीय विक्रम केला. किलोमीटरला २:५२. गंमत बघा, जवळपास याच वेगाने किपचोगे दुप्पट अंतर गेला. नाशिकची कविता राऊत आधी १०,००० मीटरमध्ये दिल्लीच्या २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य जिंकली आणि तिशीत पोहोचल्यावर, २०१६च्या गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत मॅरेथॉनचं सुवर्ण. आणि तुमच्याच जिल्ह्यातली, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर : ती उलट दिशेने गेली. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग पहिली आली, पण जगाच्या पातळीवर गेली ती स्टीपलचेसमध्ये, २०१६च्या रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत. लांब पल्ल्यात जिंकणाऱ्या मुलीच्या पायांत किती वेग दडलेला होता, हे ट्रॅकवर आल्यावरच कळलं.

आता प्रत्यक्ष काय करायचं.

सगळ्यात आधी ती १६:४०ची वेळ खरी आहे का, ते बघा. गावच्या स्पर्धेतलं अंतर मोटारसायकलच्या मीटरवर नाहीतर मोबाइलवर मोजलेलं असतं, दोन-तीनशे मीटर सहज कमी भरतं. त्यामुळे ४०० मीटरच्या ट्रॅकवर, साडेबारा फेऱ्या, पहिल्या लेनमध्ये आतल्या कडेला लागून धावू द्या. तालुक्याचं मैदान २०० किंवा ३०० मीटरचं असेल तर टेपने स्वतः मोजा. आणि प्रत्येक फेरीची वेळ वहीत लिहा. नुसती शेवटची वेळ निम्मीच माहिती देते.

या दर्जाच्या मुलांच्या वहीत मला बहुतेक वेळा असं चित्र दिसतं : पहिली अर्धी फेरी ३५, मग ७४, ७६, ७८, ७९, ८०, ८२, ८३, ८३, ८४, ८३, ८३ आणि शेवटची ८०. बेरीज १६:४०. मुलगा खूश, मामा खूश. पण बघा, पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत त्याने ऐपतीपेक्षा चार-सहा सेकंद जादा उधळले आणि पुढच्या सहा फेऱ्या त्याची परतफेड केली. याच मुलाला पहिली अर्धी फेरी ३९ आणि नंतर प्रत्येक फेरी ७८-७९ला धावायला शिकवलं, तर काहीही फिटनेस न वाढता १५-२० सेकंद निघतात. ते शिकवायचं कसं? ट्रॅकवर दर १०० मीटरला कोन ठेवा, ७८च्या फेरीसाठी दर साडेएकोणीस सेकंदांनी शिट्टी वाजवा आणि त्याला शिट्टीच्या वेळी कोनापाशी असायला सांगा. तीन आठवड्यांत घड्याळ पायात बसतं. किपचोगेचं कौतुक करताना लोक त्याच्या हसऱ्या चेहऱ्याबद्दल बोलतात. मला त्याच्या एकसारख्या किलोमीटरचं जास्त वाटतं.

आठवड्याला ५५ ते ६० किलोमीटर पुरेत, तेही तो आत्ता ४०च्या वर असेल तरच. कमी असेल तर दर आठवड्याला चार-पाच किलोमीटरच वाढवा आणि दर चौथा आठवडा हलका ठेवा. सोमवारी आठ किलोमीटर सावकाश, शेवटी १०० मीटरच्या सहा स्ट्राइड, म्हणजे वेगातल्या छोट्या धावा, पूर्ण मोकळं होऊन, पण जीव तोडून नव्हे. मंगळवारी ट्रॅक : एका आठवड्यात १,००० मीटर पाच वेळा, ३:२०ला, मध्ये ४०० मीटर हळू जॉग, दुसऱ्या आठवड्यात ४०० मीटर बारा वेळा, ७७-७८ला, मध्ये २०० जॉग. बुधवारी सात किलोमीटर अगदी आरामात. गुरुवारी टेम्पो : दोन किलोमीटर तीनदा, किलोमीटरला ३:३५ ते ३:४०, मध्ये एक मिनिट. हा वेग "अजून एक तुकडा जमला असता" असा वाटला पाहिजे. धापा टाकत संपला तर तो टेम्पो नव्हता, शर्यत होती. शुक्रवारी पूर्ण सुट्टी. शनिवारी सात-आठ किलोमीटर आणि त्यानंतर चढावर दहा-बारा सेकंदांच्या आठ धावा, प्रत्येकीनंतर चालत खाली. रविवारी १४ ते १६ किलोमीटर, किलोमीटरला पाच मिनिटांच्या आसपास.

यातला सावकाश भाग मुलांना सर्वांत कठीण जातो. चौघं मित्र एकत्र निघाले की पाच मिनिटांचा वेग चार मिनिटांवर येतो आणि मंगळवारचा ट्रॅक वाया जातो. केनियातल्या कप्तागतला, किपचोगेच्या शिबिरात, जगातले सर्वांत वेगवान पाय रोज संध्याकाळी जॉगर्स पार्कमधल्या काकांच्या वेगाने सुरुवात करतात, हे त्याला दाखवा. व्हिडिओ सहज मिळतील.

कुठे बिघडतं, तेही लक्षात ठेवा. नडगीच्या आतल्या बाजूला दुखणं बहुतेक पोरांना येतं. दुखणं हातभर पसरलेलं असेल आणि धावताना गरम झाल्यावर कमी होत असेल, तर अंतर निम्मं करा, डांबर सोडून मातीवर या, पोटऱ्यांचे व्यायाम द्या. पण बोटाच्या टोकाने दाबल्यावर एकाच ठिकाणी कळ येत असेल, एका पायावर उडी मारताना दुखत असेल, रात्री ठणकत असेल, तर धावणं त्या दिवशी बंद आणि अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. तो हाडाला गेलेला बारीक तडा असू शकतो. सुरुवातीच्या एक्स-रेत तो बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून "एक्स-रे नॉर्मल आहे, पळ" हे ऐकू नका.

दुसरं रक्त. दमतो, वेळा मागे जातात, चेहरा ओढलेला, तरी सराव तोच, असं झालं की हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) दोन्ही तपासा. हिमोग्लोबिन १३च्या वर असूनही फेरिटिन तीसच्या खाली असलेली पोरं खूप असतात. साठा संपत आलेला असतो, डबा अजून रिकामा दिसत नाही इतकंच. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. घरी करण्यासारखं म्हणजे जेवणाबरोबरचा आणि जेवणानंतर लगेचचा चहा बंद, ताटात लिंबू. बाकी आहारासाठी महागडे डबे लागत नाहीत. किपचोगेच्या शिबिरात उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा), घेवडा, पालेभाजी आणि दूध. आपल्याकडे भाकरी, उसळ, दूध, अंडी, गूळ-शेंगदाणे. मात्र पोटभर, आणि धावून आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात.

तिसरं, दर रविवारची बक्षिसाची स्पर्धा. यावर मी जपून बोलतो, कारण दोन-पाच हजारांचं बक्षीस घरात कामाला येतं आणि ते नाकारा म्हणणं बाहेरच्याला सोपं असतं. तुमच्या घरची परिस्थिती तुम्हालाच माहीत. पण किपचोगेने एप्रिल २०१३ ते एप्रिल २०१९ या सहा वर्षांत बारा अधिकृत मॅरेथॉन धावल्या, वर्षाला दोन, आणि त्यातल्या अकरा जिंकल्या. भाच्यासाठी महिन्याला एक रस्त्यावरची शर्यत ही मर्यादा धरा, पाच किंवा दहा किलोमीटरचीच, आणि त्याआधी तीन दिवस हलके. बाकी जिल्हा, विभाग आणि राज्याच्या ट्रॅक स्पर्धा. निवड करणारे, मग ती सैन्यदलाची क्रीडा संस्था असो वा रेल्वे, ट्रॅकची अधिकृत वेळ विचारतात. गावच्या चषकांना तिथे किंमत नाही. शिवाय भरतीची १,६०० मीटर या सरावात आपोआप तयार होते.

बुटांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण भाचा विचारेल. कार्बन प्लेटचे महागडे बूट रोजच्या सरावाला नकोत. घोटा आणि तळव्याला जे काम शिकायचंय ते बूटच करून टाकतो. साधा, हलका, बोटांना जागा असलेला जोड आणि ट्रॅकसाठी स्वस्तातले स्पाइक्स, तेही आठवड्यातून एकदाच. किपचोगेने २०१५ची बर्लिन मॅरेथॉन बुटांतून बाहेर आलेले आतले सोल घोट्यापाशी फडफडत असताना २:०४:००मध्ये जिंकली होती. त्याचा डावा अंगठाही त्यात सोलवटला. मात्र २०१६नंतरच्या वेळांत नव्या बुटांचा वाटा आहे, हेही खरं. म्हणून जुन्या धावपटूंच्या वेळांशी तुलना करताना सांभाळून. शिवनाथ सिंग यांनी १९७८मध्ये जालंधरला २:१२:०० धावून केलेला राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून जास्त टिकला, आणि ते अनवाणी धावण्यासाठी ओळखले जायचे.

उंचीवर नेऊ का, हाही प्रश्न येतोच. कप्तागत सुमारे २,४०० मीटरवर आहे. आपलं महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर. तिथे एप्रिल-मेमध्ये थंडावा आणि चढ मिळतो, त्यासाठी जरूर न्या. पण रक्तावर होणारा उंचीचा परिणाम तिथे फारसा मिळत नाही. त्यासाठी उटीसारखं २,२०० मीटरवरचं ठिकाण आणि किमान तीन आठवडे लागतात. सतराव्या वर्षी त्याची घाई नाही.

पुढच्या पायऱ्या साधारण अशा धरा : ५,००० मीटर बारावीनंतरच्या वर्षात १५:३०, विसाव्या वर्षापर्यंत १४:४०च्या आसपास, सोबत १,५०० मीटर ४:०५च्या आत. दहा हजार मीटर एकोणीस-वीसला. पहिली हाफ एकविसाव्या वर्षी, वर्षाला एकच. फुल तेविशीच्या पुढे, तेही तोवर दोन वर्षं मोठी दुखापत नसेल तर. उंची अजून वाढत असेल, सराव सुरू होऊन दोनच वर्षं झाली असतील किंवा आजवर नडगीचा तडा गेलेला असेल, तर यातलं प्रत्येक वर्ष एकाने पुढे ढकला. आणि १४:४०वर येऊन दोन हंगाम वेळ अजिबात हलली नाही, पण टेम्पो आणि लांब धावा सुधारत राहिल्या, तर मुलगा लांब पल्ल्याचा आहे असं समजा आणि थोडा लवकर रस्त्यावर आणा.

यातलं पुढचं नेमकं सांगायला मला त्याची वही लागेल. या रविवारी १६ किलोमीटरऐवजी ट्रॅकवर ५,००० मीटर लावा, सकाळी साडेसहाच्या आत, आदले दोन दिवस हलके. तेरा आकडे लिहा, त्याची उंची, वजन, सराव सुरू करून किती वर्षं झाली ते आणि गेल्या चार आठवड्यांचे किलोमीटर लिहा. ते इथे टाका, मग त्याचे मंगळवार आणि गुरुवारचे वेग त्याच्या मापाचे ठरवून देतो.